सात नंबरच्या कोटातला खलाशी

शीतगृहातले हमाल तिला कप्तानबाई म्हणत, आणि तिच्या नवऱ्याला याचा पत्ता नव्हता. बायकोबद्दल पत्ता नसलेल्या गोष्टी त्याच्याकडे तशा पुष्कळ होत्या. पण या एका गोष्टीनं पुढे त्याची चांगलीच पंचाईत झाली, म्हणून ती आधीच सांगून टाकलेली बरी.

शीतगृह सफरचंदांचं होतं. आठ मोठी दालनं, छतापर्यंत रचलेल्या पेट्या आणि बारा महिने चार डिग्री. कप्तानबाईचं काम असं, की दर दोन तासांनी आठही दालनांत फिरायचं, भिंतीवरचे तापमापक बघायचे आणि आकडे वहीत उतरवायचे. पेन्सिलीनं, कारण त्या गारठ्यात बॉलपेन आखडून बसे. वही तपासायला वर्षानुवर्षं कुणी आलं नव्हतं. तरी तिनं एकही आकडा कधी अंदाजानं लिहिला नव्हता. "न बघता चार लिहिलं तरी कोण विचारतंय?" असं एका नव्या हमालानं म्हटलं, तेव्हा तिनं त्याच्याकडे असं काही बघितलं की बिचारा पेटी उचलून चालता झाला.

नवरा चष्मेवाला. घराखालीच दुकान. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलून "आता दिसतंय? आणि आता?" असं विचारण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. सकाळी सहाला ती घराबाहेर पडे तेव्हा चष्मेवाले घोरत असत आणि दुपारी दोनला ती परत येई तेव्हा ते दुकानात असत. संसार सुखाचा होता. त्याचं निम्मं श्रेय या वेळापत्रकाला द्यायला हवं.

चष्मेवाल्यांना एकच नाद होता, नौदलाच्या जुन्या लोकरी कोटांचा. जाडजूड, गडद निळे, छातीवर बटणांच्या दोन रांगा, कॉलर वर केली की कान झाकणारे. खलाशांनी डेकवर पहारा देताना घालायचे कोट. जुन्या बाजारातून, भंगारातून, कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेतून ते असे कोट शोधून आणत. मागच्या खोलीत लोखंडी दांडीवर चौदा कोट टांगलेले होते. प्रत्येकाला पांढऱ्या कापडाची पिशवी, पिशवीवर नंबर आणि नंबराखाली एक कार्ड.

नवा कोट हाती लागला की चष्मेवाले माणसात राहत नसत. आधी लोकर चिमटीत धरून बघायची, मग वास घ्यायचा, मग दुकानातलं भिंग डोळ्याला लावून बटणांवरचे नांगर तपासायचे. दहा बटणांचा असेल तर जुना, आठचा असेल तर नंतरचा. खिशाचं अस्तर कॉर्डरॉयचं असेल तर जुना, साधं सुती असेल तर काटकसर सुरू झाल्यानंतरचा. रंग खरा निळा की नुसता काळा, हे ठरवायला ते खिडकीत कोट धरून पंधरा पंधरा मिनिटं उभे राहत आणि समोरच्या घरातले लोक पडदे ओढून घेत. शेवटची परीक्षा स्वयंपाकघरात. शिवणीच्या आतून एक धागा उपटायचा आणि गॅसवर धरायचा. केस जळल्याचा वास आला की लोकर अस्सल. त्या वासासरशी कप्तानबाई दर वेळी दचकून आपली वेणी चाचपून बघे.

या खोलीचा नियम एकच होता आणि तो दारावर पाटी लावून लिहिला होता. 'कोट अंगात घालू नये.' घाम लागतो, खांद्यांचा आकार बिघडतो, पुरावा नष्ट होतो. चष्मेवाल्यांनी स्वतःही कधी घातला नाही. त्यांच्या पोटावर तो मिटलाही नसता, पण ते तत्त्वाचं कारण सांगत.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसनं दिलेल्या जाकिटाची चेन तुटली. तिनं अर्ज केला. भांडारातल्या माणसानं सांगितलं, नवे आले की देऊ. ते यायचे राहिले ते राहिलेच. तिनं आठ दिवस काढले आणि नवव्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत जाऊन पिशव्या चाचपल्या. सात नंबरचा कोट सगळ्यात लहान होता. एक दिवस घालू, असं म्हणून तिनं तो घातला. बाह्या लांब पडल्या, त्यांना दोन दोन घड्या घातल्या. दालनात शिरल्यावर तिला कळलं, की गेली कितीतरी वर्षं आपण उगाच कुडकुडत होतो. खांद्यांवर त्या कोटाचं वजन असं पडे, की कुणीतरी मागून धीरानं धरून उभं आहे. दुपारी तिनं तो झटकून पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी परत काढला. हमालांनी त्या कोटावरूनच तिचं नाव कप्तानबाई पाडलं.

असं अकरा वर्षं चाललं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चष्मेवाले सगळ्या कोटांची तपासणी करत. म्हणून आदल्या शनिवारी ती कोट ब्रशनं साफ करी, बाह्यांच्या घड्या उलगडी, खिसे रिकामे करी. चोरी म्हणावी तर चोरी होती. पण पकडली गेली असती, तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. सातव्या कोटाची लोकर कुठल्या प्रकारच्या विणीची आहे हे ज्या माणसाला ठाऊक आहे, त्याला आपली बायको किती गारठ्यात काम करते हे ठाऊक नसावं, याला काय म्हणायचं? हे उत्तर ती मनात घोटून घोटून तयार ठेवी. विचारायला कुणी आलंच नाही, त्यामुळे ते तसंच पडून राहिलं.

मग एका शनिवारी तिला ताप आला आणि खिसा रिकामा करायचा राहून गेला.

रविवारी सकाळी मागच्या खोलीतून चष्मेवाल्यांची किंकाळी आली. ती पांघरूण टाकून धावली. चष्मेवाल्यांच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात बोटभर पेन्सिल.

"अगं, बघ! कोपऱ्यात अस्तरात रुतून बसली होती. इतकी वर्षं कशी दिसली नाही मला?"

सांगून टाकायला तीच वेळ होती. पण चष्मेवाल्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. तापात माणसाला शूरपणा कमीच सुचतो. तिनं मूग गिळले आणि जाऊन झोपली. सोमवारी शीतगृहात तिला नवी पेन्सिल मागून घ्यावी लागली.

त्या दिवसापासून चष्मेवाले सातव्या कोटाच्या मागेच लागले. भिंग लावून त्यांनी तो वीत वीत तपासला. त्यांना एकेक खूण दिसू लागली आणि खुणा त्यांनी बरोबर टिपल्या, हे त्यांचे शत्रूही मान्य करतील. या कोटाला काजं दोन्ही बाजूंना असतात, वारा ज्या बाजूचा असेल त्याप्रमाणे खलाशानं कोट इकडून किंवा तिकडून मिटायचा. सगळ्या कोटांची डावीकडची काजं झिजलेली असतात, कारण पुरुष डावी बाजू वर घेतो. याची उजवीकडची सैल झाली होती आणि डावीकडची नव्यासारखी कडक. चष्मेवाल्यांनी आठ दिवस विचार केला आणि जेवताना टेबलावर हात आपटून जाहीर केलं, "डावखुरा!"

"कोण?" तिनं विचारलं.

"खलाशी! डावखुरा होता तो. आणि बुटका. बाह्यांवर घड्यांच्या पुसट रेषा आहेत. दोन दोन घड्या घालायचा."

तिनं पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश प्यायली. आणखी काय काय कळलं, असं विचारायचा मोह तिला आवरला नाही.

कळलेलं बरंच होतं. कोटाला सफरचंदांचा वास येत होता, म्हणजे खलाशी लढाऊ जहाजावर नव्हता, अन्नपुरवठ्याच्या जहाजावर होता. बाहीच्या आत शिशाच्या रेघा होत्या, खिशात पेन्सिल होती, म्हणजे त्याच्याकडे नोंदींचं काम होतं. पेन्सिलच का? कारण गारठ्यात शाई आखडते. म्हणजे तो जहाजाच्या थंड कोठारात उभा राहून आकडे लिहीत होता. हे सगळं चष्मेवाल्यांनी एका दमात सांगितलं आणि तिच्या हातावर टाळी मागितली. तिनं दिली. न देऊन सांगते कुणाला?

इथपर्यंत गंमत होती. पण चष्मेवाल्यांनी हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून नौदलाच्या वस्तुसंग्रहालयाला धाडलं, आणि तिकडून उत्तर आलं.

संग्रहालयाकडे असे कोट पेटी भरून पडले होते. त्यांना हवा होता असा एक कोट, ज्यात कोण माणूस होता हे सांगता येईल. तो काचेच्या कपाटात लागणार होता आणि खाली पाटी असणार होती, 'ओळख पटवणारे' म्हणून चष्मेवाल्यांचं नाव. कोट तपासायला एक साहेब घरी येणार होते. नौदलाचं कपड्यांचं भांडार बत्तीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेले. असे कोट त्यांनी हजारांनी वाटले होते आणि हजारांनी परत घेतले होते.

पत्र आलं त्या दिवशी चष्मेवाल्यांनी दुकान अर्धा तास लवकर बंद केलं, जे त्यांनी लग्नाच्या दिवशीही केलं नव्हतं. या नादापायी आजवर त्यांना सगळे हसलेच होते. त्यांचा सख्खा मेव्हणा, म्हणजे तिचाच भाऊ, त्यांना तोंडावर रद्दीवाले म्हणे. तीस वर्षं दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून धडपडलेल्या माणसाचं नाव कुठंतरी काचेखाली दिसणार होतं, आणि ते त्यांना किती हवं होतं हे तिला दिसत होतं. ते कागदावर आपलं नाव वेगवेगळ्या आकारांत लिहून लांबून बघत होते.

संध्याकाळी त्यांनी तिला समोर बसवून साहेबांना द्यायचं टिपण वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती.

"'हा खलाशी अंगानं लहान, पण कामाला चोख,'" चष्मेवाले वाचत होते. "'कुणी तपासायला येत नसतानाही आकडे नीट लिहिणारा. खिशाच्या कडा एकाच जागी झिजल्या आहेत, म्हणजे वर्षानुवर्षं तेच काम त्यानं न कुरकुरता केलं. गारठ्यात तो तासन्‌तास एकटा उभा असे, आणि त्याच्या घरच्यांना याची कल्पनाही नसेल.'" चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "बिचारा!"

तिच्या हातातला बटाटा तसाच राहिला. तिला रडू आलं. रागही आला. आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे शेवटी हसू फुटलं, ते लपवायला ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तिच्याबद्दल इतकं चांगलं ते आजवर बोलले नव्हते आणि आता बोलले तेही दुसऱ्याच कुणाबद्दल.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रयत्न करून बघितला.

"अहो, त्या सात नंबरच्या कोटाबद्दल मला जरा..."

"हात लावू नकोस हं त्याला!" चष्मेवाले ओरडले. "साहेब येईपर्यंत त्या खोलीत झाडूसुद्धा नको."

झालं. तिनं विचार केला, सांगितलं तर यांची फजिती, आणि भाऊ जन्मभर चिडवणार. नाही सांगितलं तर कोट काचेत जाणार आणि आपण परत कुडकुडणार. कुडकुडणं तिच्या सवयीचं होतं. तिनं जुने दोन स्वेटर एकावर एक चढवायला काढले आणि गप्प राहायचं ठरवलं. तीन आठवडे तिनं कोटाला हात लावला नाही. पहिल्याच आठवड्यात तिला शिंका सुरू झाल्या. हमाल विचारू लागले, "कप्तानबाई, वर्दी कुठं गेली?" धुवायला टाकली, असं सांगून तिनं नाक पुसलं.

साहेब रविवारी दुपारी आले. सहा फूट उंच, पाठ ताठ आणि आवाज असा की कपाटातल्या बशा किणकिणाव्यात. चष्मेवाल्यांनी टेबलावर धुतलेली चादर अंथरली होती. त्यावर सात नंबरचा कोट, शेजारी भिंग, चिमटा आणि पाकिटात ती पेन्सिल. साहेबांनी काहीच वापरलं नाही. कोट हातात घेतला, वजन केल्यासारखा एकदा वर-खाली केला, कॉलरखालची शिवण अंगठ्यानं चाचपली, दहाही बटणं मोजली.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "मी नोकरीला लागलो तेव्हा असे शेवटचे कोट भांडारात होते. सांभाळलाय छान."

चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी खलाशाची कथा सुरू केली. साहेब ऐकत होते आणि मधून मधून कोटाचा वास घेत होते.

"सफरचंदाचा वास ताजा वाटतो हो."

"लोकर, साहेब, लोकर! ती वास सोडत नाही."

"असेल," साहेब म्हणाले. "पण माणूस डावखुरा म्हणता, तर शिशाच्या रेघा उजव्या बाहीत कशा? पेन्सिलही उजव्या खिशात होती."

चष्मेवाल्यांनी भिंग उचलून परत खाली ठेवलं. "लिहायचा उजव्यानं. बटणं फक्त डाव्यानं लावायचा."

साहेबांनी भुवया वर केल्या. "बत्तीस वर्षांत असा खलाशी मला भेटला नाही. अंगावर बघायला हवा कोट. घड्या कुठं पडतात ते बघू. इथं बुटकं कोण आहे?"

चष्मेवाल्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवायला हात उचलला होता, पण साहेबांपुढे पाटी काय टिकणार! दोघांनी एकदमच वळून कप्तानबाईकडे बघितलं. तिच्या हातात चहाचा ट्रे होता.

"वहिनी, जरा घालता का?"

तिनं ट्रे ठेवला. मनाशी पक्कं घोकलं, डावी बाजू वर घ्यायची, पुरुषासारखी. बाह्यांना हात लावायचा नाही. कोट असा घालायचा की जन्मात पहिल्यांदा घालतोय. आज चूक झाली तर यांचं नाव गेलं.

तिनं एक हात घातला, दुसरा घातला. तीन आठवड्यांनी ते वजन खांद्यांवर आलं आणि तिचं अंग आपोआप सैल झालं. एवढंच झालं. पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं, तिला कुणी विचारलंच नाही. उजव्या बाहीला दोन घड्या, डाव्या बाहीला दोन घड्या, जुन्या रेषांवर तंतोतंत. कॉलर वर. उजवी बाजू डावीवर, आणि खालून वरपर्यंत पाच बटणं खाली न बघता. मग उजवा हात खिशात शिरला आणि पेन्सिल शोधू लागला. ती सापडेना तेव्हा तिनं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे, तापमापक बघावा तसं, डोळे बारीक करून बघितलं.

तिच्या लक्षात आलं, तेव्हा हात खिशातच होता.

साहेबांनी काजं बघितली, घड्या बघितल्या, मग तिच्याकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही काम काय करता?"

"शीतगृहात आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, म्हणून तिनं परत सांगितलं. "सफरचंदांच्या. तापमानाचे आकडे लिहिते."

साहेब खुर्चीत बसले आणि असे हसले की बशा खरोखरच किणकिणल्या. चष्मेवाले हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. तिनं मनात तयार ठेवलेलं ते अकरा वर्षांचं उत्तर आठवायचा प्रयत्न केला, पण त्यातला एक शब्द तिला सापडेना.

"तिथं किती डिग्री असतं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"चार."

"बारा महिने?"

"हो."

"आणि ते ऑफिसचं जाकीट होतं ना तुझ्याकडे?"

"चेन तुटली त्याची."

"कधी?"

"अकरा वर्षं झाली."

चष्मेवाल्यांनी टेबलावरचं टिपण उचललं. ते त्यांनी मनातल्या मनात पहिल्यापासून वाचलं असावं, कारण 'घरच्यांना याची कल्पनाही नसेल' या ओळीपाशी त्यांची नजर थांबली आणि पुढे सरकेना. त्यांचा चेहरा पडला. तिला वाटलं, आता नाव गेल्याचं दुःख करतील. तसं झालं असतं तरी तिनं त्यांना दोष दिला नसता.

साहेबांनी हसू आवरलं. माणूस मोठ्या आवाजाचा असला तरी मनानं मऊ होता. "कोट अस्सल आहे, त्यात शंका नाही," ते म्हणाले. "पण खलाशाशिवाय तो काचेत लागायचा नाही. संग्रहालयाला काय कळवू? माणसाचा पत्ता लागला नाही म्हणून?"

चष्मेवाल्यांनी पाकीट उघडलं. चिमटा बाजूला सारला. पेन्सिल बोटांनीच उचलली, उठून कप्तानबाईपाशी गेले आणि तिच्या उजव्या खिशात नीट घालून वरून थोपटली.

"कळवा," ते म्हणाले, "कोट वापरात आहे."